कोळसा काय धरतो

सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला काचेच्या पेल्यात पाणी आणून दिलं. पाणी कोमट होतं आणि गोड होतं. उन्हातून आलेल्या माणसाला साखरेचं कोमट पाणी द्यायची यांच्याकडे पद्धत असेल, असं समजून मी ते संपवलं. सर समोरच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होते.

"कसा झालाय चहा?"

मी पेल्यात बघितलं. पेल्यात आता काही नव्हतं, पण मघाशीही दिसण्यासारखं काही नव्हतंच.

"चहाच होता तो," सर म्हणाले. "चांगली पावडर, चांगली उकळलेली. मग कोळसा टाकला, अर्धा तास ढवळला, गाळला. रंग गेला, वास गेला, कडूपणा गेला. साखर तेवढी राहिली. साखरेला कोळसा विचारत नाही."

आतून काकूंचा आवाज आला, "खरा चहा टाकलाय हो मी. बसा."

त्या घरात नव्या माणसाला दोन चहा मिळायचे. पहिला सरांचा, दुसरा काकूंचा. पहिल्या चहाला जो "छान झालाय" म्हणायचा, त्याच्याशी सर त्या दिवशी फारसं बोलत नसत.

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत द्राक्षाचा रस काढून, आटवून, दाट करून पिंपात भरणारा एक कारखाना होता. निर्यातीच्या प्रतवारीत न बसलेली द्राक्षं आमच्याकडे यायची. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी तिथे लागले. बी.एस्सी. केमिस्ट्री, वय तेवीस, गाव मनमाड, वडील रेल्वेतून त्याच वर्षी निवृत्त होणार, मागे दोन भावंडं शिकणारी. नाशिकला मामाकडे राहायचे आणि सकाळी कंपनीच्या गाडीने सिन्नरला जायचे. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो.

पहिल्या दिवशी मी माझं नाव सांगितलं. सरांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाव?"

"मनमाड."

"बरं. मनमाड, तो बीकर धुऊन घ्या."

तेव्हापासून मी मनमाड झाले. ते कुणालाच नावाने हाक मारत नसत. फिल्टर प्रेस चालवणारे एक दादा होते, जाड कापडांच्या थरांतून रस गाळणारं ते लांबलचक यंत्र त्यांच्याखेरीज कुणाचंच ऐकायचं नाही. ते नांदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातले, म्हणून नांदगाव. मॅनेजर मात्र मॅनेजरसाहेबच. ते मुंबईचे होते आणि सरांच्या मते मुंबई हे गाव नव्हतं. पण अहोजाहो सगळ्यांना. झाडूवाल्या मावशींनाही ते "जरा बाजूला होता का" असंच म्हणत.

प्रयोगशाळेत येताना केसांना तेल चालत नसे. गजरा, अत्तर, पावडर, बाम, कापूर, खिशातली बडीशेप, काहीच चालत नसे. एकदा मॅनेजरसाहेब सर्दी झाली म्हणून नाकाला बाम लावून आले, तर सरांनी त्यांना दारातच थांबवलं आणि सगळं बोलणं दारातून केलं. बोलणं पगारवाढीचं होतं, त्यामुळे ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. वाढ मिळाली नाही.

स्वतः सर दुपारी बारापर्यंत भाकरी आणि पाणी यापलीकडे काही घेत नसत. सदरा रोज पांढरा. कोळशाची भुकटी इतकी बारीक, की पोतं नुसतं हलवलं तरी पापण्यांवर बसायची. नांदगावदादा संध्याकाळी दात तेवढे पांढरे असे दिसायचे. सर त्याच भुकटीत दिवसभर हात घालून सदऱ्यावर एक ठिपका न पडता घरी जायचे. हे कसं, असं मी एकदा विचारलं.

"सावकाश हलायचं," ते म्हणाले.

आमच्या कामात कोळसा कशाला, हे सांगायला हवं. हा चुलीतला कोळसा नव्हे. करवंटीचा किंवा लाकडाचा कोळसा भट्टीत वाफेवर पुन्हा भाजतात. त्याला आतून बारीक बारीक भोकं पडतात, भोकांत आणखी भोकं. सर सांगायचे, चिमूटभर कोळशाच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर कबड्डीची सात-आठ मैदानं होतील. रसात ही भुकटी टाकून ढवळली की रसातला रंग, वास, कडवटपणा त्या भिंतींना जाऊन चिकटतो. मग भुकटी गाळून काढली की रस स्वच्छ. गिऱ्हाइकाला रस पाण्यासारखा नितळ लागायचा आणि तरी द्राक्षाचा लागायचा. कोळशाला यातलं पहिलं समजत होतं, दुसरं नाही. तो रंगाबरोबर द्राक्षाचा वासही घेऊन जायचा.

"शोषून घेतो," असं मी सुरुवातीला म्हणायचे.

"शोषत नाही. स्पंज शोषतो. कोळसा धरतो. पाल भिंतीत शिरते का? भिंतीला धरून असते. तसं."

सरांचं आयुष्य या एका प्रश्नात गेलं होतं: रंग जाईल पण वास राहील इतका कोळसा म्हणजे किती? दर हंगामात, दर बागेच्या रसासाठी, ते दहा बाटल्या मांडायचे. पहिलीत कोळसा नाही, शेवटचीत भरपूर, मधल्यांत चढत्या मापाने. अर्ध्या तासाने गाळायचं, रंग मोजायचा आणि मग एकेक बाटली नाकाशी. हे सगळं आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने. मॅनेजरसाहेब म्हणायचे, "अहो सर, सगळ्यांना एकच माप लावा ना. आटवताना अर्धा वास वाफेबरोबर जातोच आहे."

"म्हणून उरलेला अर्धा मी टाकून देऊ?" सर विचारायचे.

वासाचं वर्णन ते वहीत मराठीत लिहायचे. "फळासारखा", "आंबूस" असले शब्द त्यांना अपुरे वाटत. त्यांच्या वहीत असं असे: शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची वही. लग्नात एकदाच नेसून ट्रंकेत ठेवलेला शालू. दवाखान्याचा बाक, सकाळचा. मुख्य कार्यालयाने एकदा पत्र पाठवलं, की अहवालात योग्य शब्द वापरावेत. सरांनी उत्तर लिहिलं, की आपली सूचना रास्त आहे, मागील अहवालात 'बाक' हा शब्द अपुरा होता, 'लाकडी बाक' असे वाचावे.

हे ऐकून माणूस विक्षिप्त आहे एवढंच वाटेल. मलाही पहिले काही महिने एवढंच वाटलं. मग गोदामाचा प्रकार झाला.

एका आठवड्यात कोळसा काम करेनासा झाला. नेहमीचं माप टाकलं तरी रस पिवळा तो पिवळाच. दुप्पट टाकला, थोडा फरक पडला. मॅनेजरसाहेबांनी कोळसा पुरवणाऱ्याला फोनवर झाडलं. तो शपथेवर सांगत होता की माल तोच आहे. सर गोदामात गेले, एका पोत्यावर बसले आणि डोळे मिटून घेतले. तासभर ते तसेच होते. नांदगावदादा मला बोलवायला आले. "मॅडम, सरांना बरं नाय का? लय येळ बसलेत."

आम्ही गेलो तेव्हा सरांनी डोळे उघडले. "नांदगाव, तुम्हाला इथे कशाचा वास येतो?"

दादांनी मोठा श्वास घेतला. "कायच नाय येत सर."

"त्या कोपऱ्यात काय आहे?"

"ते रंगाचं सामान. शेड रंगवायला आनलंय. थिनरचे डबे हायेत, एक गळतोय जरा."

"डबा गळतोय आणि वास येत नाही," सर म्हणाले. "मग तो गेला कुठे?"

आम्ही तिघांनीही पोत्यांकडे बघितलं. पोती कापडी होती, आतली पिशवी फाटलेली.

"जेवून आलाय हा कोळसा," सर उठत म्हणाले. "भरल्या पोटी काय काम करणार?"

पोती बदलली, डबे बाहेर गेले, रस पुन्हा नितळ व्हायला लागला. त्या दिवसापासून नांदगावदादा सरांना मानायला लागले आणि मी नाकाकडे लक्ष द्यायला लागले. सर मला रोज पाच बाटल्या द्यायचे, त्यांवर नुसते आकडे. वर्षभरात मी कुठली बाग हलक्या जमिनीतली आणि कुठला रस दोन दिवस उन्हात उभ्या ट्रकमधून आला, ते सांगायला लागले. सरांनी एकदाही शाबासकी दिली नाही. एकदा फक्त म्हणाले, "मनमाड, तुम्हाला नाक आहे." मी ते मामीला सांगितलं. मामी म्हणाली, "म्हणजे?"

सरांच्या सोसायटीतली गोष्टही याच काळातली. नाशिकरोडला जुन्या तीन मजली इमारतीत ते राहायचे. तिथल्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. लोकांनी सरांना गळ घातली. सरांनी दोन प्लॅस्टिकची पिंपं, वाळू, बारीक खडी आणि दाणेदार कोळसा घेऊन टाकीजवळ एक गाळणी उभी केली. दोन दिवसांत वास गेला. सोसायटीने सरांना नारळ आणि टॉवेल दिला. काकू सांगायच्या की जिन्यात बायका थांबवून थांबवून कौतुक करायच्या.

चार महिन्यांनी एका रविवारी सरांनी स्वतःच गाळणी उघडली आणि सगळा कोळसा काढून टाकला. संध्याकाळपर्यंत पाण्याला पुन्हा वास. सेक्रेटरी धावत वर आले.

"सर, हे काय केलंत?"

"वास आला तेव्हा बोअरची तपासणी करायचा अर्ज केला होता. त्यावर एकवीस सह्या होत्या. वास गेल्यावर तुम्ही माणूस बोलावला का?"

"अहो, वासच गेला म्हटल्यावर..."

"म्हणून काढला कोळसा. आता बोलवा."

लोक फार चिडले. वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सोसायटीचा टॉवेल परत मागितला. काकूंनी तो धुऊन, घडी घालून परत दिला. पण वासाने जीव नकोसा झाल्यावर त्याच आठवड्यात माणूस बोलावला गेला आणि सोसायटीचीच मैल्याची नळी जमिनीखाली फुटून बोअरच्या कडेने झिरपत असल्याचं निघालं. त्यानंतर सरांना कुणी नारळ दिला नाही. फुटलेली नळी चार महिने आपण पीत होतो, हे ज्याने दाखवलं त्याला काय द्यावं, हे लोकांना सुचलं नसावं.

"तुम्ही आधीच का नाही सांगितलंत की गाळणी लावून काम भागणार नाही?" मी विचारलं.

"सांगितलं होतं. पण तेव्हा पाण्याला वास नव्हता. त्यामुळे कुणी ऐकलं नाही."

दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये गारपीट झाली. निफाड, दिंडोरीकडचे बागाच्या बागा झोडपल्या गेल्या. मणी फुटले, घडांत पाणी साठलं, बुरशी चढली. शेतकरी मिळेल त्याला माल देत होते आणि मुख्य कार्यालयाने मिळेल तो घ्यायला सांगितलं. आम्ही जमेल तेवढं निवडलं. तरी एका मोठ्या टाकीतला रस नाकाशी नेल्याबरोबर सरांनी बाटली खाली ठेवली आणि मला दिली. ओल्या गोणपाटाखाली महिनाभर राहिलेल्या जमिनीचा वास होता तो. त्याखाली अजून काहीतरी होतं, त्याला मला शब्द नव्हता.

ही टाकी ज्यांना जायची होती ते लहान मुलांच्या टॉनिकचं सिरप बनवायचे.

मॅनेजरसाहेब प्रयोगशाळेत आले. ते वाईट माणूस नव्हते. हंगाम बुडाला तर कारखान्याचं काय होईल, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त दिसत होतं.

"सर, चौपट कोळसा टाकू. वास जाईल ना?"

"जाईल."

"मग नंतर थोडा द्राक्षाचा इसेन्स देऊ. झालं."

"साहेब, वास म्हणजे त्या रसाची तक्रार आहे. तुम्ही तक्रार काढायला सांगताय."

"तुम्हीच म्हणता ना, कोळसा बाकीचंही धरतो? बुरशीचं जे काय असेल ते?"

"धरतो. काही धरतो, काही सोडतो. किती सोडतो ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही. नमुना बाहेर पाठवू. दहा दिवस लागतील."

"दहा दिवस ही टाकी अडकवून ठेवली तर नव्या मालाला जागा नाही. बत्तीस माणसं कंत्राटावर आहेत. त्यांना मी काय सांगू?"

सरांनी त्या रसाच्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाले, "ते मला माहीत नाही. पण मी सही करणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून सरांची दोन दिवसांची रजा होती. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन आधीच ठरलेलं होतं.

रजेच्या पहिल्याच दिवशी चौपट कोळसा पडला. सरांनी करू दिलं नसतं, पण सर नव्हते. दुपारी मॅनेजरसाहेब गाळलेल्या रसाची बाटली घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"वास घेऊन बघा. येतो का?"

मी घेतला. काहीच नव्हतं. नितळ, गोड, कुणाचंच नसलेलं पाणी.

"नाही," मी म्हणाले.

"मग तेवढंच लिहा. खोटं लिहायला कोण सांगतंय?" त्यांनी छापील कागद पुढे केला. रंग, वास, चव असे तीन रकाने आणि खाली सही. "आणि तुमचं कायम व्हायचं पत्र या महिन्यात निघायचंय, ते मी बघतोच आहे."

ते शेवटचं वाक्य त्यांनी धमकीच्या सुरात म्हटलं नाही. आपुलकीने म्हटलं. मी वासाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि सही केली. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. सही नेहमीपेक्षा सुबक आली होती, हे मला अजून आठवतं.

रजा संपवून सर आले ते थेट कागदांच्या फायलीकडे गेले. माझी सही बघितली.

"वास नाही?"

"नाही, सर."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "वास नाही."

त्यांनी फाईल मिटली. माल सकाळीच निघाला होता. सरांनी प्रयोगशाळेतल्या फोनवरून गिऱ्हाइकाच्या कारखान्याला फोन लावला आणि तिथल्या तपासणी प्रमुखांना बोलावून घेतलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते.

"आमच्याकडून आज टँकर येतोय. त्या मालाला वास नाही," सर सांगत होते. "पण होता... हो, होता. आम्ही काढलाय... नाही, रस बदलला नाही, फक्त वास काढलाय. कोळशाआधीचा नमुना माझ्याकडे राखून ठेवलेला आहे, तो माणसाबरोबर पाठवतो. तुम्ही तो हुंगा आणि मग ठरवा."

टँकर तिसऱ्या दिवशी परत आला. मुख्य कार्यालयातून दोन माणसं आली. मॅनेजरांच्या खोलीत सगळ्यांना उभं केलं, सरांना, मला, नांदगावदादांनाही. फोन कुणी केला, हे विचारावं लागलं नाही. सरांनी आधीच सांगितलं. मग त्या दोघांतल्या एकाने तो कागद उचलला.

"सही कुणाची आहे?"

मी त्या सुबक सहीकडे बघत राहिले. पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं, वडील मनमाडच्या घरात दिवसभर पेपर वाचत बसायला लागले होते.

"सही यांची आहे," सर म्हणाले. "पण रजेवर जाताना मीच सांगून गेलो होतो, की गाळल्यावर वास नसेल तर 'नाही' लिहून सही करा. त्यांनी सूचना पाळली. चूक सूचनेत आहे."

असं ते काहीच सांगून गेले नव्हते. मॅनेजरसाहेबांनाही ते माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

सरांना त्याच आठवड्यात जावं लागलं. त्यांनी आपल्या वह्या पिशवीत भरल्या, टेबल ओल्या फडक्याने पुसलं आणि मला म्हणाले, "मनमाड, फडकं वाळत घाला. ओलं ठेवलं की त्याला वास येतो." एवढंच. त्या टाकीतला रस नाल्यात सोडता येईना म्हणून टँकर टँकर करून दूर न्यावा लागला, आणि हंगाम अर्ध्यात आटोपला. बत्तीसपैकी वीस माणसांना महिनाभर आधीच घरी पाठवलं. त्यात नांदगावदादांचा धाकटा भाऊ होता.

"सरांनी बरं केलं का वाईट, मला नाय कळत," दादा मला म्हणाले. "पोरान्ला पाजायचं व्हतं, ते बरं झालं नाय गेलं. पन माझा भाऊ बी पोरंबाळांचा हाय." त्यांना उत्तर देण्याची माझी लायकी नव्हती. मला कायम झाल्याचं पत्र मिळालं होतं.

मी तिथे आणखी सहा वर्षं काढली. मग नाशिकच्या आसपास वाइनचे कारखाने निघायला लागले, तेव्हा त्यांतल्या एकात गेले आणि हळूहळू तपासणी विभागाची प्रमुख झाले. सर त्यानंतर इकडेतिकडे सिरप करणाऱ्या छोट्या कारखान्यांना सल्ला देत होते, असं कानावर यायचं. नाशिकरोडवरून मी शेकडो वेळा गेले असेन. त्यांच्या गल्लीत वळले नाही. एकदा वळले होते, पण कोपऱ्यावर पेरू घेऊन परत आले.

शेवटी गेले ते बारा वर्षांनी. त्यालाही तसं कारण काही नव्हतं. रविवार होता, गाडी स्वतः चालवत होते, वळले.

सर वाळले होते. सदरा पांढराच. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि पहिल्यांदा रागावल्या, मग आत पोहे करायला गेल्या. सरांनी माझ्या कामाची चौकशी केली. वाइनला कोळसा किती वापरता, कुठल्या झाडाचा, किती वेळ. मी सांगत होते आणि मनात दुसरंच चाललं होतं. पंधरा मिनिटं ते चालू दिलं आणि मग मी मध्येच म्हणाले,

"सर, त्या टाकीचा वास मला आधीच आला होता. मी सही केली तेव्हा मला सगळं माहीत होतं. तुम्हाला वाटलं असेल की मी नवी होते, मला कळलं नाही."

"नाही. मला तसं नाही वाटलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"कोळशाआधीची बाटली मीच तुमच्या हातात दिली होती. आणि मी रजेवरून आलो तेव्हा ती तुमच्या टेबलासमोर फळीवर होती. तुम्ही दिवसभर त्या फळीकडे बघितलं नाहीत."

मी मान खाली घातली. बारा वर्षं मी जे त्यांच्यापासून लपवून फिरत होते, ते त्यांना पहिल्याच दिवशी दिसलेलं होतं.

"मग माझ्यासाठी खोटं का बोललात? तुम्ही तर कधी..."

सर खिडकीतून खालच्या अंगणात बघत होते.

"तुमचं त्या सहीच्या वेळी जे वय होतं, त्याहून मी एका वर्षाने मोठा होतो तेव्हा," ते म्हणाले. "पहिली नोकरी. औषधाचा कारखाना. मीही एक सही केली होती. माल खराब होता आणि मला कळलं होतं."

"मग?"

"मग काही नाही. माल गेला. कुणी विचारलं नाही, कुणी पकडलं नाही. पुढच्या महिन्यात पगार वाढला."

"कुणाला काही झालं?"

"माहीत नाही," सर म्हणाले. "तेच कळायला मार्ग नाही ना. कुठे गेला, कुणी घेतला. मी दोन-तीनदा शोधायचा प्रयत्न केला. तो कारखाना बंद झाला. कागद गेले." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "तुमच्या वेळी टँकर परत येऊ शकत होता. तेवढं करता येत होतं. ते झालं म्हटल्यावर तुमच्या सहीने कुणाचं वाईट होणार नव्हतं. मग तुमची नोकरी कशाला घालवायची?"

त्यांनी हे दहा बाटल्यांचं माप सांगावं तसं सांगितलं. मला रडू आलं, आणि त्यांच्यासमोर रडणं बरं दिसेना म्हणून मी पदराने नाक पुसत बसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काकू दारात उभ्या आहेत. हातात पोह्यांच्या दोन बश्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"चाळीस वर्षं झाली आपल्या लग्नाला," त्या सरांना म्हणाल्या. "हे मला कधी सांगितलं नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

काकूंनी एक बशी माझ्या हातात दिली, दुसरी सरांपुढे ठेवली. मग कोपऱ्यातली खुर्ची ओढली, सरांच्या अगदी समोर आणली आणि त्यावर बसल्या.

"आता विचारते," त्या म्हणाल्या.